तिजोरीची किल्ली तिजोरीतच

म्हसळ्याच्या एसटी स्टँडजवळ माझ्या एका मित्राचं दुकान आहे. बाहेर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. आत काउंटरखाली एक जुना डेस्कटॉप आणि त्याच्या पोटात पंचक्रोशीतली बारा-चौदा वर्षांची लग्नं, मुंजी आणि बारशी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं. दुकानाचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, तालुक्यातल्या कित्येक गावांत पुढचे काही आठवडे लाइट नव्हती. संगणक आदल्या रात्री गोधडीत गुंडाळून घरी नेला होता म्हणून वाचला.

त्या धसक्यानं मित्रानं दोन सारख्या हार्डडिस्क घेतल्या आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्यांची जोडी लावली: एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. पुढं एका जुलैत दिवसभर लाइटचा खेळ चालला आणि पहिली डिस्क गेली. काही हरकत नाही, दुसरी आहेच, असं म्हणून त्यानं बटण दाबलं. काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांत एक ओळ: बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

“मग दोन डिस्क घेतल्या कशाला?” त्यानं फोनवर विचारलं.

पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालवून पाहिलं, तर त्या दुसऱ्या डिस्कवर सगळे फोटो जागच्या जागी. एक बाइटही हरवला नव्हता. घरात सगळं सामान शाबूत होतं, फक्त दार उघडत नव्हतं. असं का झालं असेल, याचा माग काढत गेलं की संगणकातल्या एका फार सुंदर कोड्याशी आपण येऊन थांबतो.

आधी जोडीबद्दल. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते आणि तिच्यावरून वाचणारी सुई काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. असं यंत्र बिघडतं याचं नवल नाही, वर्षानुवर्षं चालतं याचंच आहे. म्हणून एकावर विसंबायचं नाही, ही युक्ती तशी जुनी. १९७०च्या दशकात टँडम कंपनीची ‘नॉनस्टॉप’ यंत्रं डिस्कच्या जोड्या वापरत होती. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्कचा जथा वापरा, असं त्यांचं म्हणणं. त्या जथ्याला त्यांनी ‘रेड’ हे नाव दिलं आणि त्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. आरशासारखी जोडी ही त्यातली पहिली पायरी.

पण या दोन डिस्क म्हणजे एकच डिस्क, हे कुणाला ठाऊक असतं? ते समजणारा प्रोग्रॅम लिनक्सच्या आत असतो. आणि लिनक्स कुठं असतं? त्याच डिस्कवर. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. ती उघडायची कशी?

बटण दाबल्यावर पहिल्यांदा जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस. तो अगदी साधाभोळा. त्याला फाइल कळत नाही, लिनक्स कळत नाही, जोडी तर नाहीच नाही. त्याला एवढंच येतं: एका डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलायचे, स्मरणात ठेवायचे आणि त्यातल्या सूचना पाळायला लागायचं. या ५१२पैकी ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला जातात आणि शेवटचे २ खुणेला. सूचनांसाठी उरतात जेमतेम ४४६ बाइट. देवनागरी अक्षरं संगणकात साठवताना प्रत्येक चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. त्या हिशेबानं इथं दीडशे चिन्हंही मावायची नाहीत. दोन-तीन वाक्यांत संपूर्ण यंत्र जागं करायचं!

शेवटच्या खुणेकडं जरा निरखून पाहा. ती शून्य-एकच्या भाषेत अशी: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. पहिला बाइट उलटा वाचा, दुसरा मिळतो. आरसा लावायच्या कितीतरी आधी, उंबरठ्यावरच आरशासारखी नक्षी.

त्या ४४६ बाइटांना फार काही येत नाही, पण आपल्यापेक्षा शहाणा माणूस कुठं राहतो तेवढं ठाऊक असतं. ते शेजारच्या मोकळ्या जागेतला ‘ग्रब’ नावाचा जरा मोठा प्रोग्रॅम उठवतात. ग्रबला जोडीची तोंडओळख असते. तो लिनक्सचा गाभा आणि सोबत एक छोटी शिदोरी स्मरणात आणून ठेवतो. त्या शिदोरीत जोडी जुळवणारं अवजार असतं. ते प्रत्येक डिस्कवरची ओळखचिठ्ठी वाचतं: आपण एकाच कुटुंबातले का, आणि कुणाची नोंद ताजी? कारण चिठ्ठीत घडामोडींचा एक आकडाही वाढत जातो. मध्येच गैरहजर राहिलेली डिस्क परत आली, तर तिचा आकडा मागं पडलेला दिसतो आणि तिचं जुनं म्हणणं ग्राह्य धरलं जात नाही.

आता मित्राच्या दुकानातला घोटाळा उलगडतो. आरसा होता तो लिनक्सच्या वाटण्यांचा. पहिले ५१२ बाइट आणि शेजारचा ग्रब हे त्या वाटण्यांच्या बाहेर, डिस्कच्या अगदी तोंडाशी. तिथं आरसा पोचतच नाही. सेटअप करताना ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर बसवला गेला होता. दोन वर्षं दुसऱ्या डिस्कवर ग्रब नसल्याचं कुणाला जाणवलं नाही, कारण पहिली डिस्क रोज दार उघडत होती.

नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय आलं. ते थोडं शिकलेलं: फॅट पद्धतीची एक छोटी वाटणी उघडून त्यातली फाइल चालवू शकतं. पण जोडी त्यालाही कळत नाही. इथं लिनक्सवाल्यांची एक युक्ती मला फार आवडते. जोडीची ओळखचिठ्ठी हल्ली सहसा वाटणीच्या सुरुवातीजवळ ठेवतात. ती शेवटी ठेवली, तर सुरुवातीपासून वाचणाऱ्या भोळ्याला ती दिसतच नाही. त्याला साधी, एकटी वाटणी दिसते आणि तो बिनधास्त वाचत सुटतो. लिनक्स जागं झालं की मात्र शेपटाकडची चिठ्ठी पाहून म्हणतं, अरे, ही तर जोडी. तीच जागा, दोघांना दोन तऱ्हेनं दिसणारी. मात्र भोळ्यानं तिथं काही लिहिलं, तर एकाच डिस्कवर लिहिलं जाईल आणि जोडी फसेल. म्हणून बरेच जण हा आरसा टाळतात आणि दोन्ही डिस्कवर बूटच्या फाइली वेगवेगळ्या ठेवतात.

मी म्हसळ्याला गेलो तेव्हा मित्रानं नवी डिस्क आणून ठेवली होती. जोडीत घातल्यावर लिनक्सनं जुनीवरून सगळं उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्याला काही तास लागले. पण नव्या डिस्कचं तोंड तेवढ्यानं भरत नाही, तिथं ग्रब हातानंच बसवावा लागतो. दोन्हींवर बसवला. मग बॅकअपची गोष्ट काढली. चुकून पुसलेला फोटो आरशातूनही त्याच क्षणी पुसला जातो आणि पुन्हा पत्रे उडाले तर दोन्ही डिस्क एकाच पावसात भिजतील. तिसरी प्रत माणगावला, त्याच्या बहिणीकडं ठेवायची ठरली.

शेवटी संगणक बंद केला, डबा उघडला आणि पहिल्या डिस्कच्या जागी लावलेल्या नव्या डिस्कची केबल काढली.

“अरे, आत्ताच तर जोडली ना?” मित्र धास्तावला.

“आज काढून बघू. परत पावसाळ्यात नको.”

त्यानं बटण दाबलं. पडदा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ काळा राहिला. आत ते अवजार हरवलेल्या जोडीदाराची वाट पाहत असावं. मग लिनक्स आलं. जोडीची हालत दाखवणारी ओळ उघडली: चौकटी कंसात, धडधाकट असताना जिथं दोन ‘यू’ असतात, तिथं एका जागी रिकामी रेघ आणि शेजारी एक ‘यू’. मित्रानं ती ओळ दोनदा वाचली, फोटोंचा फोल्डर उघडला आणि वादळाच्या आदल्या महिन्यातलं एक बारसं शोधायला लागला.