पाळीव उंदरांची दुखणी आणि भांडणे

उंदीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक तर सापळा येतो, नाही तर गणपतीच्या पायाशी बसलेले वाहन. त्याला हौसेने पाळणारे लोक आहेत, इतकेच नव्हे तर इंग्लंडात १८९५ साली त्यांनी आपला राष्ट्रीय संघही स्थापन केला, हे ऐकून पुष्कळांस हसू येते. हसावयास हरकत नाही. परंतु प्राणी लहान म्हणून त्याचे दुखणे लहान ठरत नाही. पुऱ्या वाढीच्या उंदराचे वजन वीस ते चाळीस ग्रॅम आणि आयुष्य साधारण दोन वर्षांचे. तेथे आज पाहू, उद्या पाहू असे म्हणून चालत नाही.

उंदीर पाळणाऱ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिंजऱ्यातला आजार आणि पिंजऱ्यातले भांडण ह्यांचा विचार एकत्र करावा लागतो. समजा, एका उंदराचे केस गेले. आपण ताबडतोब खरजेचे औषध शोधू लागतो. आधी कातडी पाहावी. ती स्वच्छ असेल, केस कातरल्यासारखे दिसत असतील, मिशाही नाहीशा झाल्या असतील, तर हे काम बहुधा सोबत्याचे असते. ज्याच्या मिशा शाबूत तोच त्या पिंजऱ्यातला न्हावी! मानेवर-खांद्यावर खपल्या आणि सारखे खाजवणे असेल तर सूक्ष्म किडीचा संशय घ्यावा. मग एकालाच औषध देऊन भागत नाही, सर्वांना द्यावे लागते. आणि जखमा पाठीच्या मागल्या भागावर, शेपटीच्या बुडाशी असतील तर ते पळणाऱ्याला मागून घेतलेले चावे होत. औषधाची मात्रा मात्र जनावरांच्या डॉक्टरांनी वजन करूनच ठरवावी. एवढ्याशा देहाला एक थेंबही फार होतो.

माद्या एकमेकींत सुखाने नांदतात. नरांचे तसे नाही. सहा-आठ आठवड्यांचे झाले की सख्खे भाऊदेखील एकमेकांवर धावून जाऊ लागतात. नर आपली हद्द मूत्राच्या वासाने आखतो. आपण मोठ्या उत्साहाने सगळा पिंजरा धुऊन काढतो, हद्द पुसली जाते आणि संध्याकाळी नवे युद्ध सुरू होते. उलट घाण साचू दिली तर अमोनियाच्या उग्र वासाने त्यांची फुप्फुसे बिघडतात. म्हणून ओला भुसा काढावा आणि घरट्याचे कोरडे कापूस-कागद तसेच परत ठेवावे. एकदा रक्त निघाले की समेटाची आशा धरू नये. त्या नरांना कायमचे वेगळे करावे. नर खच्ची करून, पुढे तीन आठवडे थांबून, माद्यांत सोडणे हाही एक चांगला मार्ग आहे.

श्वास घेताना टिकटिक आवाज येणे, अंग आकसून बसणे, केस विस्कटणे ही छातीच्या विकाराची लक्षणे. अशा मादीला लगेच एकटी ठेवावी असे कित्येक सांगतात. मला ते पटत नाही. लक्षणे दिसेपर्यंत रोगजंतू बहुधा सगळ्या पिंजऱ्यात पोचलेले असतात. आणि बरी होऊन परत आलेलीला मैत्रिणी परकी समजून हुसकावतात. वेगळे ठेवावयाचे ते नव्या पाहुण्याला, दोन-तीन आठवडे, दुसऱ्या खोलीत.

गाठींची गोष्ट मात्र गंभीर आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅन्बी येथे ॲबी लॅथ्रॉप नावाच्या एक माजी शिक्षिका हौशी लोकांसाठी उंदीर वाढवीत असत. आपल्या उंदरांच्या अंगावरचे व्रण त्यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी ते शास्त्रज्ञांकडे तपासण्यास पाठविले. तो कर्करोग निघाला. लिओ लोब ह्यांच्यासह १९१३ पासून त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केले. बीजकोश काढलेल्या माद्यांत स्तनाच्या गाठी कमी होतात, हे त्यांतूनच पुढे आले. काही जातींत हा रोग आईच्या दुधातून पिलांत उतरतो, हे बिटनर ह्यांनी १९३६ साली दाखविले. उंदराची दुग्धग्रंथी मानेपासून कुशीपर्यंत पसरलेली असते, म्हणून काखेतली गाठही स्तनाचीच असू शकते. लहान असताना ती कापता येते, पण पुष्कळदा परत येते. म्हाताऱ्या मादीवर शस्त्रक्रिया करू नये, असे माझे मत आहे.

तिला सोबतिणींतच राहू द्यावे. त्या तिला चावत नाहीत ना, एवढे पाहावे. पाण्याची नळी तिच्या तोंडाला पुरेल इतकी खाली घ्यावी, खाणे मऊ करून घरट्याजवळ ठेवावे, आणि उचलताना शेपटीला न धरता ओंजळीत घ्यावे.