रिकाम्या गाडीवरचे प्रशिक्षण

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की बारामतीहून पिंपळी, काटेवाडी, भवानीनगरमार्गे इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याचे रूप पालटते. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा अशा कारखान्यांकडे ऊस नेणारे ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांच्या जोडीला बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील मालमोटारी या परिसरातून धावतात. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी, रुंद होऊ लागला तसा वाहनांचा वेगही वाढला. परंतु त्यावरून जड गाडी नेणारा नवा चालक कसा तयार होतो, याची चर्चा अपघात घडल्यावरच होते आणि तीही चार दिवसांपुरती.

कायद्याची चौकट तशी स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परिवहन वाहन, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहून नेणारे व्यावसायिक वाहन, चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि अशा वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहनचालन शाळेतील जड वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे ठरवले असून त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास किमान १५ असावेत, असे म्हटले आहे. पूर्वी परिवहन वाहनाच्या चालकाला आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती; ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि ते योग्यच झाले, कारण शाळेचा दाखला आणि ब्रेकवरचा पाय यांचा संबंध कोणालाही नीट दाखवता आलेला नव्हता.

उणीव आहे ती या १५ तासांत काय शिकवले जाते, त्यात. शाळेची गाडी बहुधा रिकामी असते आणि परवान्याची चाचणीही बहुधा रिकाम्याच गाडीवर होते, तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून चालकाच्या पाठीशी कित्येक टनांचा माल असतो. भरलेली गाडी थांबायला अधिक अंतर घेते, वळणावर तिचा तोल वेगळ्या रीतीने जातो आणि उतारावर तर तिचे शास्त्रच बदलते. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. हा दाब इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर टाकीत भरतो आणि ब्रेक दाबून सोडला की त्यातील थोडी हवा खर्च होते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल केली, तर गिअरमुळे इंजिनाचा मिळणारा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. इंजिनच बंद केले, तर खर्च झालेली हवा पुन्हा भरली जात नाही. पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकने जवळपास ४८ वाहनांचे नुकसान केले, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक रिकाम्या गाडीवर, सपाट मैदानात शिकवून अंगवळणी पडत नाही.

हे ज्ञान आजवर शाळेबाहेर मिळत आले आहे. क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला मुलगा चाके ठोकून हवा तपासणे, दोर आवळणे, मागे घेताना हाका देणे यांतून वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली तयार होई. ही पद्धत हडेलहप्पी होती, तिच्यात उस्तादाच्या चुकाही वारशाने मिळत. तरीही भरलेल्या गाडीचा सराव तीच देत असे. भाड्याचे गणित बसवण्यासाठी क्लीनर कमी होऊ लागले तसा हा सरावही आटत चालला आहे.

ऊसपट्ट्यात याहून बिकट बाब ट्रॅक्टरची आहे. कायद्याच्या व्याख्येत ट्रॅक्टर हलका की जड हे त्याच्या स्वतःच्या रिकाम्या वजनावरून ठरते आणि ७,५०० किलोंची मर्यादा शेतीचा कोणताही नेहमीचा ट्रॅक्टर ओलांडत नाही. म्हणजे मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस असला, तरी ओढणारे वाहन ‘हलके’च राहते आणि जड वाहनाचे प्रशिक्षण त्याच्या चालकाला लागू होत नाही. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळे उतारावर ब्रेक लावताच मागचा भार ट्रॅक्टरला ढकलतो आणि ट्रॉली आडवी होते, तर चढावर पुढची चाके उचलली जाऊन स्टिअरिंग निकामी ठरते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळत असल्याने खेप जितकी भरगच्च तितकी फायद्याची, हे गणित कोणत्याही वर्गातील धड्यापेक्षा प्रभावी ठरते.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले; त्यांत जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम, स्वतंत्र मार्गिका आणि सिम्युलेटर, म्हणजे खोलीत बसून रस्त्याचा आभास देणारे यंत्र, यांची तरतूद आहे. युरोपीय संघात व्यावसायिक चालकाची पूर्ण प्राथमिक पात्रता २८० तासांची आहे आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी सक्तीची असते. याउलट अमेरिकेने ७ फेब्रुवारी २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत तासांची किमान संख्याच ठेवली नाही. प्रत्येक कौशल्य आले आहे, असे प्रशिक्षकाने प्रमाणित करायचे असते. तासांचा आकडा वाढवणे सोपे असते, भरलेली गाडी चालवता येते का हे तपासणे अवघड, आणि भारतीय नियमांचा कल अजून पहिल्याकडेच आहे.

प्रशिक्षित चालकही झोपेपुढे हरतो. २०२५ मध्ये रद्द झालेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत असे, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्या कक्षेत येत नसे आणि ऊसवाहतुकीत असे मालक पुष्कळ असतात. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत ताटकळलेली रात्र विश्रांतीत धरायची की कामात, हा प्रश्न त्यामुळे कोणी विचारतच नाही.

या साखळीत कारखाना हा एकच घटक असा आहे की ज्याच्याशी वाहतूकदार हंगामापूर्वी करार करतो आणि ज्याच्या काट्यावरून त्याची प्रत्येक खेप जाते. ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम परिवहन विभाग आणि पोलीस अनेक ठिकाणी कारखान्यांच्या आवारातच घेतात. त्याच आवारात, करारावर सह्या होण्यापूर्वी, भरलेल्या ट्रॉलीवर चालकाची एक चाचणी घेण्यास वेगळ्या कायद्याची गरज नाही. करारात एका कलमाची भर पुरेशी आहे.