लाकडी आमिष (मासेमारी)

लाकडी आमिष हे गळाने मासे पकडण्यासाठी वापरले जाणारे, लहान माशासारखा आकार दिलेले कृत्रिम आमिष होय. कोळंबी, गांडूळ किंवा कणकेची गोळी माशाला वासाने व चवीने ओढून घेते. लाकडी आमिषाला वास नसतो. हालचाल, चकाकी आणि पाण्यात उठणारी कंपने यांवरच त्याची सारी भिस्त असते. त्यामुळे ते प्रामुख्याने इतर मासे खाणाऱ्या शिकारी माशांसाठी उपयोगी पडते. भारतात मरळ, जिताडा व तांबोशी, तर युरोप-अमेरिकेत पाइक, बास व ट्राउट हे मासे अशा आमिषाने पकडले जातात. कोकणात गळाला गरी आणि गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात.

लाकडी आमिषांचे अनेक प्रकार आहेत. नवशिके सहसा तरंगणारे आमिष निवडतात. त्याच्या नाकाखाली पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी बसवलेली असते व तिला ओठ म्हणतात. स्थिर असताना हे आमिष पृष्ठभागावर राहते. दोरी ओढताच ओठावर पाण्याचा दाब पडून ते बुडी मारते व डावी-उजवीकडे डुलू लागते. पुढील माहिती मुख्यतः या प्रकाराविषयी आहे.

इतिहास

अमेरिकेत लाकडी आमिषांचा व्यवसाय १९ व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. मिशिगन राज्यातील डोवॅजिक येथील जेम्स हेडन यांचे नाव या संदर्भात प्रथम घेतले जाते. त्यांनी कोरून फेकलेल्या लाकडाच्या तुकड्यावर बास माशाने झडप घातली व त्यातून पुढची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. जपानच्या दक्षिण भागात माखूल पकडण्यासाठी ‘एगी’ नावाचे लाकडी आमिष वापरण्याची परंपरा आहे.

घरगुती कारागिरीच्या दृष्टीने फिनलंडच्या लाउरी रापाला यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. पायएन्ने सरोवरात मासेमारी करताना शिकारी मासे थव्यातील वेगळ्या, लंगडत पोहणाऱ्या लहान माशावर आधी तुटून पडतात, असे त्यांच्या लक्षात आले. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडापासून त्या लंगड्या चालीची नक्कल करणारे आमिष तयार केले. चकाकीसाठी चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी आणि लेपासाठी वितळवलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह त्यांनी वापरल्याचे सांगितले जाते. पुढे बुचाची जागा बाल्साने घेतली. १९६२ मध्ये अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने या आमिषावर लेख छापल्यानंतर त्याला मोठी मागणी आली. रापाला यांनी साहित्य घरातलेच वापरले, पण प्रत्येक आमिष पाण्यात ओढून पाहण्याचा नियम ठेवला. नवशिक्यांकडून नेमकी हीच पायरी सर्वाधिक वगळली जाते.

लाकूड आणि प्लावक बल

लाकडाची निवड ही हिशेबाची बाब आहे. सुमारे ९ सेंटीमीटर लांबीच्या आमिषाचे घनफळ १२ घन सेंटीमीटर धरल्यास ते पूर्ण बुडाल्यावर १२ ग्रॅम गोडे पाणी बाजूला सारते. त्यामुळे लाकूड, गळ, कड्या, ओठ, शिसे आणि लेप यांचे एकूण वजन १२ ग्रॅमपेक्षा कमी राहिले तरच ते तरंगेल. बाल्साची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ०.१६ ग्रॅम असल्याने केवळ २ ग्रॅम लाकडात खर्च होतात. बासवुड या मऊ लाकडाचे सुमारे ५ ग्रॅम होतात, तर सागवानाचे सुमारे ८. इतर सामानाला ४ ग्रॅम लागले, तर सागवानाच्या आमिषात शिशासाठी काहीच जागा उरत नाही. आणि पोटात शिसे नसलेले आमिष सरळ उभे राहत नाही, कुशीवर कलते. समुद्राचे पाणी किंचित जड असल्याने तेथे हेच आमिष थोडे वर तरंगते.

बाल्सा हलका असला तरी नखानेही त्यावर खूण उमटते. पहिल्या प्रयत्नासाठी गाठी नसलेले, सरळ रेषांचे व पूर्ण वाळलेले मध्यम हलके लाकूड बरे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी परंपरेने वापरला जाणारा पांगारा हेही असेच हलके व कोरण्यास सोपे लाकूड आहे.

जुळणी

ओठाची खाच आणि तारेची चीर ठोकळा चौकोनी असतानाच कापणे आवश्यक असते. ठोकळ्याच्या सपाट बाजूंमुळे करवत काटकोनात राहते. एकदा शरीर गोलाकार झाले की टेकवायला सरळ कडा उरत नाही व खाच तिरपी जाते. तिरप्या खाचेतला ओठ आमिषाला कायम एका बाजूला ओढतो आणि हा दोष नंतर जवळजवळ दुरुस्त होत नाही. खाच कापल्यावर चारही बाजूंवर मध्यरेषा आखून चाकू, कानस व पॉलिश पेपरने आकार दिला जातो.

ओठाचा कोन बुडीची खोली ठरवतो. ओठ शरीराच्या रेषेत पुढे निघालेला असेल तर आमिष खोल जाते. तो खाली वळलेला, उभट असेल तर ते उथळ राहून अधिक डुलते.

दोरी आणि गळ अडकवण्याच्या कड्या दोन प्रकारे बसवतात. सोपी पद्धत म्हणजे डोळा असलेले बारीक स्क्रू पिळणे. कठीण लाकडात ते टिकतात, बाल्सात मात्र उपटले जातात. दुसऱ्या पद्धतीत पोटाकडून उभी चीर पाडून तीत सुमारे १ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची अखंड तार बसवतात. नाक, पोट व शेपटी येथे तिचे वेढे बाहेर काढून चीर इपॉक्सीने भरतात. हा खटाटोप माशासाठीही महत्त्वाचा आहे. कडी उपटली की मासा तोंडात तिहेरी गळ घेऊन निसटतो आणि त्याला नीट खाता येत नाही.

शिशाची जागा अंदाजाने ठरवू नये. लाकडाला सीलरचा एक हात देऊन ओठ न चिकटवता खाचेत बसवावा, गळ अडकवावेत आणि शिशाच्या तारेचे तुकडे पोटाला बाहेरून चिकटपट्टीने लावून आमिष बादलीत सोडावे. पाठ वर ठेवून ते स्थिर तरंगेपर्यंत तुकडे पुढेमागे सरकवले जातात. शिसे जितके खाली, तितका गुरुत्वमध्य खाली जातो व आमिष उलटत नाही. ते शेपटीकडे गेल्यास फेक लांब जाते, पण डुलणे मंदावते. पुढे चढणाऱ्या लेपाचेही वजन असते, म्हणून बादलीत आमिष हवे त्यापेक्षा थोडे अधिक वर तरंगू द्यावे. जागा निश्चित झाल्यावर तेथे छिद्र पाडून शिसे आत बसवतात व वरून लांबी भरतात.

जलरोधन, रंग व लेप

लाकडी आमिषाचा शेवट बहुधा आत शिरलेल्या पाण्याने होतो. ओले लाकूड फुगते, फुगल्याने लेपाला तडा जातो व तड्यातून आणखी पाणी शिरते. त्यामुळे रंगाखालचा थर रंगाहून महत्त्वाचा ठरतो. सँडिंग सीलर किंवा पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात दिले जातात व प्रत्येक थर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवतात. लाकूड तापत असताना त्यातील हवा प्रसरण पावून बाहेर पडते व थरात बुडबुडे उठतात. निवत असताना उलट ते लेप आत ओढून घेते. म्हणून हे काम सकाळच्या चढत्या उन्हापेक्षा संध्याकाळी चांगले होते. लेपानंतर कोणतेही नवे छिद्र पाडले, तर त्याच्या आतील बाजूलाही इपॉक्सी लावावी लागते.

रंगात गडद पाठ व फिकट पोट ही खऱ्या माशांची रीत पाळली जाते. मच्छरदाणीचे कापड ताणून त्यावरून रंग फवारल्यास खवल्यांची नक्षी उमटते. हौशी कारागिराचा बराच वेळ येथे जातो, परंतु वाकडे चालणाऱ्या आमिषाला सुंदर डोळे तारू शकत नाहीत. रंग पूर्ण वाळल्यावर ओठ इपॉक्सीने चिकटवून वर पारदर्शक लेप देतात, म्हणजे सांधाही झाकला जातो.

दोन घटकांची इपॉक्सी उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच मिसळावी लागते. प्रमाण चुकल्यास ती चिकटच राहते. लेप घट्ट होईपर्यंत आमिष सावकाश फिरवत ठेवले नाही, तर तो पोटाकडे ओघळून तेथे गाठ होते. दमट हवेत, विशेषतः कोकणातील पावसाळ्यात, काही इपॉक्सींवर मेणचट साय धरते. ती साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नये.

चाल सुधारणे

तयार आमिष स्वच्छ, संथ पाण्यात ओढून पाहिले जाते. मागून पाहताना ते उजवीकडे जात असेल, तर नाकावरची कडी पक्कडीने किंचित डावीकडे वाकवतात. डावीकडे जात असल्यास त्याउलट. एका वेळी अगदी थोडेच वाकवावे. मुळीच डुलत नसेल, तर बहुधा ओठ लहान पडलेला असतो किंवा शिसे जास्त झालेले असते.

सुरक्षितता व निगा

शिसे विषारी आहे. ब्रिटनमध्ये गिळलेल्या शिशामुळे हंस मरत असल्याचे दिसल्यावर १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक लहान आकारांच्या शिशाच्या वजनांवर निर्बंध आले. टंगस्टन किंवा पोलाद हे त्याचे पर्याय आहेत. शिसे घरात वितळवू नये व हाताळल्यावर हात धुवावेत. लाकडाच्या भुशासाठी मुखपट्टी आणि इपॉक्सीसाठी हातमोजे आवश्यक असतात. तिहेरी गळ, बादलीतील चाचणीचा अपवाद सोडल्यास, सर्व काम संपल्यावरच अडकवतात.

खाऱ्या पाण्यात वापरलेले आमिष गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. लेपाला तडा दिसल्यास त्यावर लगेच नवा हात दिल्याने आतले पाणी कोंडून राहते. आमिष प्रथम अनेक दिवस कोरडे होऊ द्यावे लागते, आणि मगच तडा घासून इपॉक्सीने बुजवतात.