कबऱ्या चर्चचे गाव

गावाचे नाव आपण रोज उच्चारतो, पण त्याचा अर्थ विचारण्याच्या भरीस सहसा पडत नाही. अर्थ शोधू लागले, की त्या मातीवरून कोणकोणत्या भाषा येऊन गेल्या याचा उलगडा होतो. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क हे याचे उत्तम उदाहरण होय.

एडिनबरो आणि ग्लासगो या शहरांच्या साधारण मध्यावर हे गाव वसले आहे. गावात जुने पॅरिश चर्च असून त्याची आजची इमारत बरीचशी १८११ मधील आहे. नाव मात्र त्याहून कितीतरी जुने. विजेता विल्यमचा मुलगा रॉबर्ट १०८० मध्ये स्कॉटलंडवर चालून गेला आणि 'एग्लेस्ब्रेथ'पासून परत फिरला, असे डरहॅमचा इतिवृत्तकार सिमिअन सांगतो. हेच आजचे फॉल्कर्क. गेलिक भाषेत त्याला 'एग्लिश व्रेख' म्हणतात. त्याचा अर्थ कबरे, म्हणजे ठिपकेदार चर्च. चर्चचे दगड निरनिराळ्या रंगांचे असल्यामुळे हे नाव पडले असावे, असे मानतात.

पुढे भाषा बदलल्या, परंतु अर्थ टिकला. लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्याचे 'व्हारिया कापेला' केले, फ्रेंच लिहिणाऱ्यांनी 'व्हेर शापेल', आणि स्कॉट्स बोलणाऱ्यांनी 'फॉ कर्क'. 'फॉ' म्हणजे कबरे, 'कर्क' म्हणजे चर्च. प्रत्येकाने नावाचा नुसता ध्वनी न उचलता त्याचे भाषांतर केले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी नावाचा अर्थ लोकांना समजत होता, याचा हा पुरावाच नव्हे काय?

मग 'फॉल्कर्क'मधला 'ल' कोठून आला? इंग्रजी 'बॉल', 'फॉल' यांतील अंत्य 'ल' स्कॉट्स उच्चारात गळतो व 'बॉ', 'फॉ' उरते. 'फॉ कर्क'मध्येही असाच 'ल' गळला असावा, अशा समजुतीने लेखनिकांनी तो घातला. मुळात तो नव्हताच!

'एग्लिश' हा शब्द ग्रीक 'एक्लेसिया' लॅटिनमार्फत गेलिकमध्ये येऊन झाला. त्याच मुळापासून पोर्तुगीज 'इग्रेजा' झाला आणि त्यावरून गोव्यातील कोकणीचा 'इगर्ज'. म्हणजे फॉल्कर्कचे जुने नाव आणि गोव्यातील इगर्ज ही दूरची भावंडे ठरतात. 'कर्क'चे मूळ मात्र वेगळे : ग्रीक 'कुरिआकोन', म्हणजे प्रभूचे.

चर्चच्या आवारात सर जॉन द ग्रॅहम याची कबर आहे. वॉलेसचा हा साथीदार १२९८ च्या फॉल्कर्कच्या लढाईत पडला. जवळच्या ग्रॅहम्स्टन वस्तीचे नाव परंपरेने त्याच्याशी जोडले जाते. येथपर्यंत ठीक. पण याच परिसरातील रोमन अँटोनाइन भिंतीलाही 'ग्रॅहम्स डाइक' म्हणतात. ही भिंत इ. स. १४२ च्या सुमारास सुरू झालेली. तिला हजार वर्षांहून अधिक काळानंतरच्या वीराचे नाव मुळात असणे शक्य नाही. इंग्लंडात अशा जुन्या चरांना 'ग्रिम्स डिच' म्हणतात, आणि 'ग्रिम' हे वोडन देवाचे उपनाव. त्या नावाला पुढे ओळखीच्या ग्रॅहमचा साज चढला असण्याचा संभव अधिक.

सारांश, कानाला जे जुळते ते खरे असतेच असे नाही. नावाचे सर्वांत जुने लिखित रूप, स्थानिक उच्चार आणि कालक्रम या तिन्हींची साक्ष काढावी. फॉल्कर्कच्या परिसरात गेलिक रोजच्या व्यवहारातून केव्हाच गेली; पण तिने पाहिलेले ते कबरे चर्च गावाच्या नावात अजून उभे आहे.