वेडाचा शिक्का आणि गुन्ह्याची जबाबदारी

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे एखादा अमानुष गुन्हा घडला की, दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्येच त्याचा निकाल लागतो. काही म्हणतात, ‘तो वेडाच असला पाहिजे’. काही म्हणतात, ‘वेडाचे सोंग आहे, फासावर द्या’. आरोपीच्या मनःस्थितीची चौकशी मात्र कोणालाच नको असते.

कायदा शिक्क्यावर थांबत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८४ हे २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले. प्रश्न तोच राहिला. मनाच्या विकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा बेकायदा आहे हे, त्या क्षणी आरोपीला कळणे अशक्य होते काय? नुसता आजार पुरेसा नाही. १९६८ साली मुंबईत पकडलेल्या रामन राघवला असाध्य मनोविकार असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितले. तरी तो निर्दोष ठरला नाही. १९८७ साली त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, इतकेच.

याउलट, पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मुक्त केले. १९९२ पासून त्याच्यावर उपचार चालू होते. वडिलांनाही मानसिक आजार होता. घटनेनंतर, जून ते डिसेंबर १९९४ या काळात, त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावे लागले. खुनाचे कारण क्षुल्लक होते आणि त्याने पळून जाण्याचा प्रयत्नही केला नव्हता.

खरी मेख येथेच आहे. मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, आणि त्यासाठी उपचारांचे कागद लागतात. उल्हासनगरच्या कॅम्पातील किंवा अंबरनाथच्या चाळीतील एखादे कुटुंब मुलीचे लग्न मोडेल या भयाने मुलाचा आजार झाकते आणि त्याला भगताकडे नेते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. पण त्याचे नाव घरात उच्चारले जात नाही. पुढे खटला उभा राहिला तर कागद आणायचे कोठून? ज्या शिक्क्याच्या भीतीने उपचार टाळले, तोच मग न्यायालयात शोधत बसावे लागते.

मानसिक आजाराच्या केवळ निदानावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बजावले आहे. ही जाण समाजात रुजली, तर रुग्ण वेळीच दवाखान्यात जाईल. त्यामुळे कदाचित एखाद्या निरपराध स्त्रीचा जीव वाचेल. आणि दुर्दैवाने गुन्हा घडलाच, तर न्यायाधीशापुढे अफवांऐवजी पुरावा असेल.