खानावळ, गावकी आणि गिरणीची जमीन

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी असा गिरण्यांचा पट्टा पसरला आणि तो गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कामगार आले ते मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून.

पुष्कळांची बायकामुले गावीच असत. हे पुरुष गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत दाटीने राहत. रात्रपाळीवाला परतून पथारी पसरायचा, तेव्हा दिवसपाळीवाला साच्यावर (मागावर) पोहोचलेला असे. जेवण खानावळीत. चाळीतली एखादी बाई आपल्या एका खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक करी. किराणा उधारीवर, हिशेब पगाराला. तिला सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. गिरणीचा पगार असा चाळीतल्या चुलीपासून गावच्या मनिऑर्डरीपर्यंत अनेक घरे चालवत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली (हंगामी) कामगारांना कायम करून हवे होते आणि एकाच मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा हक्क देणारा १९४६ चा कायदाही नको होता. अनेक जण गावी जाऊन शेतीवर तग धरून राहिले. खानावळवालीचे मात्र गिऱ्हाईकच गेले, उधारी थकली. संपाच्या इतिहासात या बायकांची नोंद फार कमी झाली, हा मोठा अन्याय आहे.

संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पण गिरण्या केवळ संपाने संपल्या, हे अर्धसत्य आहे. जुनी यंत्रे बदलली गेली नव्हती, कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर विणले जात होते आणि परळची जमीन सोन्याच्या मोलाची झाली होती. १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी, सार्वजनिक घरांसाठी आणि मालकांसाठी ठरवला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती मान्य केली. शहराचा आणि कामगारांचा वाटा त्यामुळे कमालीचा आक्रसला. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला.

सार्वजनिक घरांच्या वाट्यातून गिरणी कामगारांना मिळायच्या घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे दीड लाखाहून जास्त अर्ज आले. गिरणीच्या जमिनीवर बांधून झालेली घरे त्यापुढे अगदीच थोडी आहेत. अनेकांना आता मुंबईबाहेर शेलू-वांगणीकडे बोट दाखवले जाते; त्यांची मागणी मुंबईतच घर मिळावे ही आहे.