भरतीचे वेळापत्रक आणि बाळाची झोप

घरातील सर्वांत लहान माणसाला न विचारता सहलीचे बेत ठरतात आणि एकदा घराबाहेर पाऊल पडले की सहलीचा सारा कारभार त्याच लहान माणसाच्या हुकमाने चालू लागतो, हा अनुभव दीड-दोन वर्षांचे मूल घेऊन प्रवासाला निघणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला येतो. अंदमानात तो अधिक तीव्रतेने येतो, कारण तेथे मुलाच्या मर्जीच्या जोडीला समुद्राचीही मर्जी सांभाळावी लागते. १९११ साली सावरकरांना ज्या सेल्युलर जेलमध्ये नेण्यात आले, त्याच्या दर्शनाच्या ओढीने मराठी माणूस या बेटांकडे पूर्वीपासून जात आला आहे. आता आजी-आजोबांना सावरकरांची कोठडी आणि नातवंडांना समुद्र, असा दुहेरी हेतू मनात धरून तीन पिढ्यांची कुटुंबे एकत्र निघतात. परंतु आठवड्याभरात सारी स्थळे उरकण्याची जी पद्धत सहल कंपन्यांनी रूढ केली आहे, ती या सर्वांत लहान प्रवाशाला मुळीच मानवत नाही. माझे स्पष्ट मत असे, की त्याच्यासाठी एकच बेट निवडावे आणि तेथेच मुक्काम ठोकावा.

ते बेट हॅवलॉक असावे किंवा नील. २०१८ च्या अखेरीस त्यांची नावे अनुक्रमे स्वराज द्वीप व शहीद द्वीप अशी झाली, आणि जेथे सेल्युलर जेल आहे त्या पोर्ट ब्लेअरचे २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झाले. तथापि बोलण्यात जुनी नावे अद्याप सर्रास चालतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत सरकारने या दोन्ही बेटांवर केली, म्हणून गावांची नावे राधानगर, गोविंदनगर, सीतापूर, भरतपूर अशी आहेत, आणि म्हणूनच मऊ भात, पातळ डाळ व खिचडी यांची तजवीज तेथे सहज होते. मुलाच्या जेवणाची चिंता वाहणाऱ्या आईला याहून मोठा दिलासा कोणता?

दुसरी अनुकूल गोष्ट सूर्याची. ही बेटे मुंबईच्या सुमारे वीस रेखांश पूर्वेस असूनही घड्याळ मात्र मुंबईचेच चालते. त्यामुळे तेथे सूर्य सुमारे ८० मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि हिवाळ्यात सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतोही. उशिरा उठणाऱ्या प्रौढांना हे गैरसोयीचे वाटते. पहाटेच टक्क जागे होऊन घर डोक्यावर घेणाऱ्या बालकाला मात्र ही बेटे जणू त्याच्यासाठीच वसवल्यासारखी वाटावीत. सकाळी साडेपाच-सहाला पुळणीवर जावे, ऊन तापण्यापूर्वी परतावे, दुपारची झोप पंख्याखाली निवांत होऊ द्यावी आणि चारच्या सुमारास पुन्हा निघावे, हा क्रम तेथे आपोआप जमतो.

या क्रमात एकच पाहुणा वेळेवर येत नाही, तो म्हणजे समुद्र. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि प्रत्येक दिवशी ती आदल्या दिवसाहून सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या कोकण किनाऱ्याचा ठोकताळा अंदमानात लागू पडत नाही. तेथे त्या ठिकाणचा भरती-ओहोटीचा तक्ताच पाहावा लागतो, आणि हॉटेलात विचारल्यास तो मिळतो. हॅवलॉकच्या पूर्वेकडील विजयनगर-गोविंदनगरचा किनारा भरतीच्या वेळी उथळ व शांत असतो, परंतु ओहोटीला पाणी दूर हटते आणि खाली धारदार प्रवाळ उघडे पडते. नीलच्या भरतपूरचीही तीच गत आहे. उलट पश्चिमेचे राधानगर, ज्याला २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम पुळण ठरवले, तेथे वाळू मऊ आणि झाडांची सावली अगदी काठापर्यंत आलेली असली, तरी लाटांना जोर असतो. तेव्हा मुलाला वाळूत खेळायचे असेल तर राधानगर आणि पाण्यात बसायचे असेल तर भरतीच्या वेळचा पूर्व किनारा, अशी विभागणी करणे शहाणपणाचे.

मुलाला वस्तुतः पाण्याहून वाळूच अधिक रमवते. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे बिळाबाहेर येतात, वाळूतील अन्नकण चाखून उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून बाजूस टाकतात, आणि पाहता पाहता बिळाभोवती अशा गोळ्यांची नक्षी उमटते. बालक उकिडवे बसून तिच्याकडे टक लावते, बोट पुढे करते, आणि सावली पडताच खेकडा नाहीसा होतो. पुन्हा तो वर येईपर्यंत तेथून हलण्यास ते राजी नसते. पंचतारांकित सरंजामाने हे सुख मिळत नाही. एवढेच, की अशा वेळी मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावे, कारण लहान मूल घोटाभर पाण्यातही बुडू शकते, आणि बुडताना ते ओरडत नाही.

उरलेली काळजी थोडक्यात. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, जलसंजीवनीच्या पुड्या आणि वाळूतील बारीक माश्यांच्या चाव्यांसाठी डॉक्टरांना विचारून घेतलेले मलम बरोबर असावे. खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर या बेटांवर आहे. म्हणून सूचनाफलक वाचावेत, जेथे संरक्षक जाळी लावलेली असेल तेथे तिच्याबाहेर जाऊ नये आणि तिन्हीसांजेनंतर पाण्याजवळ थांबू नये. मुलाने गोळा केलेले प्रवाळ व शंख तेथेच सोडावेत. प्रवाळाला आणि शंखांच्या अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते.

सेल्युलर जेल सकाळी पाहावे. रात्रीच्या ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला आजोबांनी एकट्याने जावे आणि बाळाला झोपू द्यावे. श्रीविजयपुरम आणि ही बेटे यांना जोडणारी बोट रद्द होणे ही तेथे नित्याची बाब आहे, विशेषतः मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे पोहोचल्यावर. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ निवडावा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम न चुकता श्रीविजयपुरमलाच ठेवावा.